पॉइंट टू-टू घ्यायची, पण कशाला?

जुन्नर-आंबेगावात उसात डुकरं शिरली की कुणीतरी हमखास म्हणतं, ‘एक पॉइंट टू-टू घेऊन टाकू.’ नेमबाज स्वप्नील कुसाळेनं 2024 मध्ये पॅरिस ऑलिंपिकला कांस्यपदक मिळवलं ते याच, म्हणजे .22 बोरच्या रायफलीनं. पण तिची जेमतेम अडीच ग्रॅमची गोळी रानडुकराला बहुधा नुसती जखमी करते, आणि जखमी डुक्कर माणसावर येतं. शिवाय वनखात्याच्या परवानगीविना त्याला मारणं गुन्हाच. बिबट्याचं तर नावच काढू नका.

नेमबाजीसाठी मात्र ईशापूरच्या सरकारी कारखान्याची साधी बोल्ट अ‍ॅक्शन रायफल पुरते. जुनी घेताना बोल्ट सरकवून पाहा, नळी उजेडात धरून आत गंज बघा. अर्थात आधी परवाना. तो नको असेल तर .177 ची, 20 ज्यूलच्या आतली छऱ्याची एअर गन घ्या.