गंजिफांच्या महालात मुक्काम

परभणीकडून कोकणात उतरणार असाल तर एक रात्र सावंतवाडीच्या राजवाड्यासाठी राखून ठेवा. वाड्याच्या आवारातच राहायची सोय आहे आणि तिथल्या खोल्या गंजिफा कलेने सजलेल्या आहेत.

गंजिफा म्हणजे हाताने रंगवलेले गोल पत्ते. दशावतारी संचात विष्णूच्या प्रत्येक अवताराचे 12, असे एकूण 120 पत्ते असतात. राजा, प्रधान आणि एक ते दहा. मत्स्याच्या पत्त्यांवर मासे, कूर्माच्या पत्त्यांवर कासवं! ही कला जवळजवळ संपली होती. सावंतवाडीचे राजे शिवरामराजे आणि राणी सत्त्वशीलादेवी भोसले यांनी पुंडलिक चितारी या वृद्ध कलाकाराकडून ती स्वतः शिकून घेतली आणि 1970 च्या दशकात वाड्यातच कारागिरांना कामाला बसवलं. राजघराण्याने हातात कुंचला धरावा, याचं मला फार मोल वाटतं.

वाड्यातल्या दरबार हॉलमध्ये कलाकार रंगकाम करताना दिसतात. घाई करू नका, शेजारी उभं राहून निवांत बघा.

आपल्या परभणीकडेही, जिंतूर तालुक्यातल्या चारठाण्यात यादवकालीन देवळं आणि देखणा स्तंभ आहे. तिथेही असा एखादा कलेचा मुक्काम उभा राहायला हवा. कोणी पुढाकार घेणार असेल तर जरूर कळवा.