एकाच बोंडातला सदरा आणि साबण

गेवराई तालुक्यातल्या तलवाड्याला बाहेरची माणसं येतात ती त्वरिता देवीच्या दर्शनाला. पण एक नवल तिथल्या काळ्या रानातही उभं असतं. कापसाच्या बोंडातल्या रुईचा सदरा होतो, हे सगळ्यांना ठाऊक आहे. तो सदरा मळला की धुवायचा साबणही त्याच बोंडातून निघतो, हे फारसं कुणाच्या ध्यानात येत नाही.

वेचलेल्या कापसात वजनाने रुई असते जेमतेम एक तृतीयांश. बाकी बहुतेक सरकीच. सरकीची पेंड म्हशीपुढे जाते, तेल कढईत. कारखान्यात हे तेल शुद्ध करताना जो गाळ उरतो, त्याचा कपड्यांचा साबण करतात.

पण ज्या तेलाने डाग पडतो, तेच डाग कसा काढणार? तेलाच्या प्रत्येक रेणूत ग्लिसरीनला तीन लांब स्निग्धाम्लं चिकटलेली असतात. कॉस्टिक सोडा त्यांची ताटातूट करतो आणि प्रत्येक आम्लाच्या टोकाला सोडियम बसवतो. झाला साबण! आता त्याचं एक टोक तेलात शिरतं, दुसरं पाण्याला धरतं. डागाचं तेल बारीक थेंबांत फुटतं आणि पाण्याबरोबर निघून जातं. तेल-चरबी म्हणजे ग्लिसरीन आणि स्निग्धाम्लं, हे फ्रेंच रसायनज्ञ शेव्हरल यांनी १८२३ मध्ये उलगडून मांडलं. साबण मात्र त्याआधी हजारो वर्षं बनत होता.

घरी करायचा तर ७५० ग्रॅम सरकीचं तेल, २५० ग्रॅम खोबरेल, १४५ ग्रॅम कॉस्टिक सोडा आणि ३५० मिली पाणी. मापं काट्यावरच घ्यायची. सोडा जास्त झाला तर साबण हात सोलून काढील. हातमोजे आणि चष्मा हवाच, लेकरं लांब. जर्मनच्या, म्हणजे अॅल्युमिनियमच्या, पातेल्याला कॉस्टिक खातं, म्हणून स्टीलचं घ्यायचं. सोडा हळूहळू पाण्यात टाकायचा, सोड्यावर पाणी कधीच ओतायचं नाही. चूल नसताना पाणी चटका बसेल इतकं तापतं! सोड्याचं पाणी आणि तेल दोन्ही कोमट झाली की एकत्र करून ढवळत राहायचं. पातळ तेल हळूहळू बासुंदीसारखं दाटतं. मग साच्यात ओतायचं, दोन दिवसांनी हातमोजे घालूनच वड्या पाडायच्या आणि महिनाभर वाऱ्यावर ठेवायच्या.

कॉस्टिकची पिशवी दुकानात मिळण्याआधी खार निसर्गातूनच यायचा. उल्कापातातून झालेलं बुलढाण्यातलं लोणार सरोवर अशा खाराने भरलेलं. साबणाला आणि काचेला लागणारा माल तिथे मिळतो, अशी नोंद अकबराच्या काळातल्या ‘आईन-ए-अकबरी’त आहे.

एवढं करून घरी साबण केला, तरी बोअरच्या जड पाण्यात त्याची वडी रुसते. पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाला धरून पांढरा साका करतात. म्हणून बादलीत आधी धुण्याचा सोडा विरघळवायचा आणि मग वडी घासायची. नुसताच साबण वाढवत गेलं, तर सदऱ्याआधी आपण पाणीच धूत बसतो.