कॉन्सर्टिना : सुरांपासून तारांपर्यंत

दाट धुक्यात महामार्गावर वाहने एकामागून एक आदळली, की मधली मोटार 'कॉन्सर्टिना' झाल्याचे इंग्रजी बातमीत वाचायला मिळते. सीमेवरील कुंपणाच्या वृत्तांतही हाच शब्द भेटतो. अर्थ पाहण्यासाठी शब्दकोश उघडावा, तर तेथे चक्क एका वाद्याचे वर्णन! या तिघांचे नाते काय?

वाद्य हाच या शब्दाचा मूळ अर्थ. 'कॉन्सर्ट' म्हणजे संगीताची मैफल. त्यावरून हे नाव आले. 'व्हीटस्टन ब्रिज'मुळे विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना परिचित असलेले चार्ल्स व्हीटस्टन यांनी इंग्लंडमध्ये १८४४ साली कॉन्सर्टिनाचे पेटंट घेतले. दोन्ही टोकांना बहुधा षट्कोनी चौकटी, त्यांवर बटणे आणि मधोमध घड्यांचा भाता, अशी याची रचना असते. आपल्या बाजाच्या पेटीप्रमाणेच यातही हवेच्या दाबाने धातूच्या पट्ट्या कंप पावून स्वर उमटतात.

पुढचे सारे अर्थ या भात्यातून निघाले. ओढले की पसरणारे आणि दाबले की घड्या पडून मिटणारे ते 'कॉन्सर्टिना'. अनेक कप्प्यांची कागदपत्रांची फाइल किंवा पंख्यासारखी दुमडलेली माहितीपत्रिका याच नावाने ओळखली जाते. दोन्ही बाजूंनी दबून मोटारीच्या पत्र्याला घड्या पडल्या, की क्रियापद म्हणूनही हा शब्द वापरतात. म्हणूनच त्याचे भाषांतर 'चेंदामेंदा' असे केल्यास नेमके चित्र हरवते. 'भात्यासारखी दबली' हे अधिक योग्य.

कुंपणाच्या तारेचेही तसेच. काटेरी किंवा धारदार पात्यांच्या तारेची वेटोळी नेताना मिटवून लहान करता येतात आणि जागेवर भात्यासारखी ओढून लांबवर पसरता येतात. पहिल्या महायुद्धात खंदकांपुढे अशी वेटोळी टाकली जात. स्पेनमध्ये तर 'कॉन्सर्टिना' म्हटले, की अनेकांना वाद्याआधी ही पातीच आठवतात. मोरोक्कोला लागून असलेल्या मेलिया शहराच्या कुंपणावर २०१३ मध्ये त्या तारा पुन्हा बसविण्यात आल्या, तेव्हा स्थलांतरितांना होणाऱ्या जखमांवरून मोठा वाद झाला.

मैफलीचे नाव अंगावर घेऊन ही तार माणसाला रक्तबंबाळ करते. बातमी लिहिताना तिला 'धारदार तारांची वेटोळी' म्हणावे. म्हणजे वाचकाला वाद्य नव्हे, पाते दिसेल.