चुरूचे ऊन, लेहची हवा, अंकोल्याचा घाम

सोलापूरवरून जाणारा राष्ट्रीय महामार्ग ५२ पंजाबातील संगरूरहून निघतो. राजस्थानात चुरू, सीकर, जयपूर, मग इंदूर, धुळे, बीड, तुळजापूर करत तो सोलापुरात येतो. पुढे विजयपूर, हुबळीमार्गे घाट उतरून अंकोल्याजवळ समुद्राशी संपतो. लांबी सुमारे २,३०० किलोमीटर. वाटेत वाळवंटाची कड, शेवटी अरबी समुद्र. हिसारपासून वर मनाली आणि लेह जोडले, की वाळवंट, पर्वत आणि किनारा एकाच फेरीत होतात. मोटारसायकलवर एकट्याने अशी फेरी करणाऱ्यांची संख्या वाढते आहे. पुण्याच्या रमिला लटपटे २०२३ मध्ये नऊवारी नेसून थेट जगप्रवासाला निघाल्या, तेव्हापासून अनेक घरांत हा विषय निघू लागला.

निघण्याआधी गाडीची सर्व्हिसिंग होते, चेन-टायर बदलतात, पंक्चर किट घेतले जाते. शरीराचे मात्र ‘वाटेत बघू’. खरे तर ऊन, विरळ हवा आणि अपुरी झोप यांचा पहिला घाव बसतो तो मेंदूच्या निर्णयक्षमतेवर. जोडीदार असला तर तो म्हणतो, ‘अरे, गाडी हलतेय तुझी, थांब जरा.’ एकट्याला हे सांगणारे कोणी नसते. थांबायचे की नाही हे ज्या मेंदूने ठरवायचे, तोच थकलेला असतो.

सुरुवात उन्हाची. सोलापूरकराला उन्हाचे काय कौतुक, असे आपण म्हणतो. शरीर उष्णतेला सरावते हे खरेच आहे. पण त्यासाठी रोज उन्हात वावरत एक ते दोन आठवडे जावे लागतात, आणि सावलीत बसले की काही आठवड्यांत तो सराव ओसरतो. एसी कार्यालयात वर्ष काढलेल्या माणसाच्या जन्मदाखल्यावर सोलापूर असून उपयोग नाही. चुरूत तर २८ मे २०२४ रोजी ५०.५ अंश तापमान नोंदले गेले. आपल्या त्वचेचे तापमान ३५ अंशांच्या आसपास असते. हवा त्याहून थंड असेल तोवर वारा अंगातली उष्णता काढून नेतो. हवा त्याहून तापली, की तोच वारा शरीरात उष्णता भरू लागतो. मग थंडावा देणारा एकच मार्ग उरतो, घाम वाळण्याचा. म्हणून उकडते म्हणून जॅकेट काढून उघड्या हातांनी गाडी चालवणे ही उलटी चूक ठरते. अंगभर जाळीदार जॅकेट आणि आत ओला सुती शर्ट, गळ्याला भिजवलेला पंचा, हे कोरड्या हवेत उत्तम काम करते.

कोरड्या हवेचा एक दगाही आहे. घाम आला आला तोवर वाळून जातो, त्यामुळे किती पाणी गेले ते कळतच नाही. ब्रिटनमधील लफबरो विद्यापीठातील संशोधकांनी २०१५ मध्ये एक छोटा प्रयोग प्रसिद्ध केला. अकरा पुरुषांना दोन तास सिम्युलेटरवर गाडी चालवायला दिली. पुरेसे पाणी प्यालेल्या दिवशी त्यांच्या चुका ४७ झाल्या, कमी पाण्याच्या दिवशी १०१. माणसे थोडी असल्याने हा अंतिम निकाल मानू नये, पण दिशा स्पष्ट आहे. तहानेची वाट न पाहता दर तासाला थांबून पाणी प्यावे आणि लघवीचा रंग पाहावा. तो गडद पिवळा झाला, तर पाणी कमी पडते आहे.

नुसते पाणी ढोसत राहिले तर रक्तातील सोडियम घटू शकते, म्हणून सोबत ओआरएसची पाकिटे हवीत. एका लिटरच्या पाकिटात २.६ ग्रॅम मीठ आणि १३.५ ग्रॅम ग्लुकोज असते. पाकीट अंदाजाने अर्ध्या बाटलीत टाकू नये. मधुमेह, रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा आजार असणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. डब्यात कडक भाकरी आणि शेंगाची चटणी असेल तर उत्तमच. दोन्ही टिकतात आणि मीठही पोटात जाते. घाम थांबो अथवा न थांबो, बोलणे असंबद्ध होऊ लागले आणि अंग तापले, तर तो उष्माघात समजावा. सावली, अंगावर पाणी, वारा आणि रुग्णालय, यात दिरंगाई नको.

पर्वतात प्रश्न बदलतो. सोलापूर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरच्या आसपास, लेह सुमारे ३,५००, खारदुंग ला ५,३५९ मीटर. त्या खिंडीत श्वासाला मिळणाऱ्या प्राणवायूचा दाब समुद्रकाठच्या साधारण निम्मा असतो. व्यायामाने कमावलेले शरीर यात फारसे वाचवत नाही. उलट धडधाकट तरुणच घाई करतात. मनालीहून (सुमारे २,००० मीटर) निघून त्याच रात्री ४,२०० मीटरच्या वर सरचूला मुक्काम करणे हा या वाटेवरचा सर्वांत वाईट बेत. ३,००० मीटरच्या वर मुक्कामाची उंची रोज ५०० मीटरपेक्षा जास्त वाढू नये, असा वैद्यकीय संकेत आहे. त्या दृष्टीने श्रीनगर-कारगिलची वाट सौम्य, आणि लेहला पोहोचल्यावर दोन रात्री विश्रांती.

डोकेदुखी, मळमळ, झोप न लागणे ही विरळ हवा बाधल्याची पहिली लक्षणे. ती असताना आणखी वर जाऊ नये. एकट्याने करायची एक सोपी चाचणी आहे. जमिनीवर सरळ रेष धरून एका पावलाची टाच दुसऱ्याच्या बोटांना लावत दहा पावले चालावे. तोल जात असेल, किंवा बसल्या जागीही धाप लागत असेल, तर मेंदूत वा फुप्फुसात पाणी साठत असू शकते. तेव्हा उपाय एकच, ताबडतोब खाली उतरणे; आणि तेही स्वतः गाडी चालवत नव्हे. विरळ हवेसाठी घ्यायची गोळी डॉक्टरांनीच ठरवून द्यायची असते, कोणा मित्राच्या खिशातली नव्हे.

किनारा सोपा वाटतो, पण चुरूत कामी आलेला ओला पंचा अंकोल्यात निरुपयोगी ठरतो. हवाच ओली असल्याने घाम वाळत नाही, नुसता ओघळतो. तिथे ३४ अंशसुद्धा सोलापूरच्या ४० पेक्षा जड जाऊ शकतात. उन्हाच्या भरात सावलीत थांबणे आणि पहाटे अंतर कापणे, एवढेच हाती असते.

आणि झोप. सलग १७ तास जागा असलेला माणूस रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतका मंदावतो, असे ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी १९९७ मध्ये मोजले. आपल्या कायद्याची मर्यादा ०.०३ टक्के आहे. म्हणजे पहाटे पाचला उठून रात्री दहाला ‘अजून साठच किलोमीटर’ म्हणणारा स्वार थेंबही न घेता त्या मर्यादेपलीकडे गेलेला असतो. हेल्मेटमध्ये घुमणाऱ्या वाऱ्याचा आवाज थकवा आणखी वाढवतो. ताशी १०० किलोमीटरला तो शंभर डेसिबलच्या आसपास जातो. कानात घालायचे फोमचे बोळे काही रुपयांत मिळतात.

डोके ताळ्यावर असताना, म्हणजे घरीच, नियम कागदावर लिहून पेट्रोलच्या टाकीवर चिकटवावेत: दिवसाचे कमाल अंतर, सूर्यास्ताला थांबणे, डोके दुखले तर वर न जाणे. घरच्या एकाने रोज ठरल्या वेळी फोन करून चारच प्रश्न विचारावेत: झोप किती, पाणी किती, डोके दुखते का, उद्या कुठवर. उत्तरे अडखळत आली तर दुसऱ्या दिवशी मुक्काम हलवायचा नाही, हे आधीच ठरलेले असावे. निघायचेच तर सप्टेंबरचा उत्तरार्ध बरा. थारचा तडाखा उतरलेला असतो, लडाखच्या खिंडी सहसा उघड्या असतात, आणि परतताना अंकोल्याच्या घाटातला पाऊसही ओसरू लागलेला असतो.