लग्नात कॅमेरा पडला, बॅग चोरीला गेली तर? विमा घेण्याआधी ‘कुठे’ आणि ‘कसा’ हे दोन प्रश्न विचाराच

तुळशीचं लग्न लागलं की गावोगावी लग्नसराई सुरू होते. हळद एका गावात, लग्न दुसऱ्या तालुक्यात आणि वरात मध्यरात्रीपर्यंत. या सगळ्या धावपळीत फोटोग्राफरच्या खांद्यावर दीड-दोन लाखांचा माल लटकत असतो. अनेक तरुणांनी हा कॅमेरा हप्त्यावर घेतलेला असतो. बॅग गेली किंवा लेन्स फुटली तर कमाई थांबते, पण हप्ता थांबत नाही.

अशा वेळी बरेच जण म्हणतात, “विमा काढलाय ना, मग टेन्शन कशाला?” खरी अडचण इथेच असते. विमा असतो, पण भलत्याच गोष्टीचा. दुकानाला आग लागली तर पैसे देणारी पॉलिसी हातात असते आणि कॅमेरा जातो मंडपातून. म्हणून हप्ता किती, हे विचारण्याआधी आपला कॅमेरा कुठे असताना आणि कसा जाऊ शकतो, याचा विचार करायला हवा.

हातात असलेला विमा नेमका कशाचा?

घराचा विमा : १ एप्रिल २०२१ पासून ‘भारत गृह रक्षा’ ही ठरावीक स्वरूपाची पॉलिसी देशभर मिळते. आग, वीज पडणे, वादळ, पूर अशा संकटात घर आणि घरातल्या सामानाचं नुकसान झालं तर तिचा उपयोग होतो. पण ती घरासाठी आहे. कॅमेरा घेऊन बाहेर पडलात की तिचा आधार संपला. शिवाय कॅमेऱ्यावर धंदा होत असेल तर तो ‘घरगुती सामान’ धरला जाईलच असं नाही.

स्टुडिओचा विमा : छोट्या व्यवसायासाठी ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ आहे. तीही मुख्यतः आग, पूर, वादळ यांसाठीच, आणि पॉलिसीत लिहिलेल्या जागेपुरती. साध्या दिवशी दुकान फुटलं तर त्यासाठी घरफोडीचा विमा वेगळा घ्यावा लागतो.

घरफोडीचा विमा : कुलूप तोडलं, कडी उचकटली, शटर वाकवलं अशी जबरदस्तीने आत शिरल्याची खूण असेल तरच यात सहसा भरपाई मिळते. मंडपात खुर्चीवर ठेवलेली बॅग कुणी गुपचूप उचलली तर ती चोरी झाली, घरफोडी नव्हे. सर्वाधिक गैरसमज याच मुद्द्यावर होतो.

गाडीचा विमा : दुचाकीच्या विम्यात दुचाकी येते. डिकीतला कॅमेरा येत नाही.

वाढीव वॉरंटी : हा विमा नव्हेच. आतला भाग आपोआप बिघडला तर दुरुस्ती मिळते. पडणं, पाण्यात जाणं, चोरी होणं हे वॉरंटीत नसतं.

हप्त्यासोबत जोडलेला विमा : कर्ज देताना कागदांत एखादा विमा जोडलेला असतो. तो बऱ्याचदा कर्जदाराच्या जीवाचा किंवा कर्जाच्या परतफेडीचा असतो, कॅमेऱ्याचा नसतो. पॉलिसीवर कॅमेऱ्याचं मॉडेल आणि सिरीयल नंबर आहे का, एवढं बघितलं तरी उलगडा होतो.

मग फिरत्या कॅमेऱ्यासाठी काय घ्यायचं?

सर्वसाधारण विमा कंपन्यांकडे ‘ऑल रिस्क’ नावाची पॉलिसी असते. घराबाहेर, प्रवासात, कामाच्या ठिकाणी अपघाताने झालेलं नुकसान आणि चोरी यांसाठी ती असते. सरकारी कंपन्यांच्या तालुका किंवा जिल्ह्याच्या शाखेत चौकशी करता येते. काही कंपन्या इलेक्ट्रॉनिक उपकरणांच्या पॉलिसीत फिरत्या वस्तूंसाठी जादा संरक्षण जोडून देतात.

पण नाव ‘ऑल रिस्क’ असलं तरी सगळंच त्यात येत नाही. सहसा वगळलेल्या गोष्टी अशा :

- वापरून झालेली झीज, ओरखडे
- आतला इलेक्ट्रिक किंवा यांत्रिक बिघाड
- ओलाव्याने लेन्सला हळूहळू लागलेली बुरशी
- राखण न ठेवता उघड्यावर किंवा उघड्या गाडीत सोडलेल्या बॅगेची चोरी
- मेमरी कार्डमधले फोटो आणि व्हिडिओ

पावसाळ्यात बुरशीचा त्रास घाटमाथ्यावर आणि कोकणात जास्त. त्याला विमा नाही, घट्ट झाकणाचा डबा आणि सिलिका जेलच्या पुड्या हाच उपाय. फोटोंचंही तसंच आहे. कार्ड गेलं तर कंपनी फार तर कार्डाची किंमत देईल, नवरा-नवरीचे फोटो कुठून देणार? त्यामुळे त्याच रात्री दुसरी प्रत काढून ठेवणं हाच त्यावरचा विमा.

धंदा लपवू नका

‘घरगुती वापर’ लिहिलं तर हप्ता कमी बसेल, असा सल्ला कुणीतरी देतोच. तो ऐकू नये. विमा हा खरी माहिती देण्याच्या विश्वासावर उभा असतो. लग्नाच्या ऑर्डरवर असताना कॅमेरा फुटला आणि अर्जात ‘घरगुती’ लिहिलं असेल, तर दावा नाकारायला कंपनीला आयतंच कारण मिळतं.

भाड्याने आणलेल्या किंवा मित्राच्या कॅमेऱ्याचंही आधीच सांगावं. ज्याची वस्तू, त्याच्या नावावर विमा, हा साधा हिशेब असतो.

रक्कम कमी लिहिली की भरपाईही कापली जाते

समजा बॉडी १,२०,००० रुपयांची, एक लेन्स ६०,००० ची, दुसरी ४०,००० ची, फ्लॅश आणि बॅटऱ्या मिळून २०,००० च्या. एकूण माल २,४०,००० चा. हप्ता वाचवायला विमा काढला फक्त १,२०,००० चा, म्हणजे निम्म्याचा. आता ६०,००० ची लेन्स फुटली. वाटतं की विमा १,२०,००० चा आहे, म्हणजे लेन्सचे पूर्ण पैसे मिळतील. पण पॉलिसीत प्रमाणात भरपाईची अट असेल तर निम्मेच, म्हणजे ३०,००० धरले जातात. त्यातूनही ठरलेली सुरुवातीची रक्कम ग्राहकाच्या अंगावर पडते.

म्हणून प्रत्येक वस्तू मॉडेल, सिरीयल नंबर आणि किमतीसह यादीत वेगळी लिहून घ्यावी. नुसतं ‘कॅमेरा सेट’ लिहू देऊ नये.

भरपाई नव्या वस्तूच्या किमतीने मिळणार की घसारा वजा करून, हेही विचारावं. चार-पाच वर्षं जुन्या कॅमेऱ्याच्या बाबतीत या एका ओळीने मोठा फरक पडतो. हप्त्याचा आकडा ऐकताना त्यावर १८ टक्के जीएसटी धरावा. हप्ता ४,००० सांगितला तर भरायचे ४,७२०.

सेकंडहँड कॅमेरा घेताना विकणाऱ्याकडून सिरीयल नंबर, तारीख आणि सही असलेली पावती घ्यावी, जमल्यास मूळ बिलही. कागद नसेल तर विमा मिळणंही अवघड आणि दावा त्याहून अवघड.

ड्रोन असेल तर

ड्रोनचा हिशेब वेगळा. ड्रोन नियम २०२१ नुसार २५० ग्रॅमपर्यंतचे नॅनो ड्रोन सोडले तर बाकीच्यांना थर्ड पार्टी विमा लागतो. म्हणजे ड्रोन कुणाच्या डोक्यात किंवा गाडीवर पडला तर त्याच्या भरपाईसाठीचा विमा. स्वतःच्या ड्रोनचं नुकसान त्यात येत नाही, त्यासाठी वेगळं संरक्षण लागतं. नॅनोपेक्षा मोठा ड्रोन पैसे घेऊन उडवायचा तर नोंदणी आणि रिमोट पायलटचं प्रमाणपत्रही हवं. ते नसेल तर विमा असूनही दावा अडकू शकतो.

नुकसान झालंच तर काय करायचं?

१. कंपनीला लगेच कळवा आणि तक्रारीचा नंबर लिहून ठेवा. ‘लग्न उरकलं की बघू’ म्हणत आठवडा घालवू नका.

२. चोरी असेल तर पोलिसांत गुन्हा नोंदवून एफआयआरची प्रत घ्या. ‘वस्तू गहाळ’ची नोंद आणि चोरीचा एफआयआर एक नव्हे. चोरी परक्या तालुक्यात झाली तरी जवळच्या ठाण्यात ‘झिरो एफआयआर’ नोंदवता येतो.

३. फुटलेली वस्तू परस्पर दुरुस्तीला देऊ नका. आधी फोटो काढा, कंपनीच्या सर्व्हेअरला दाखवा, अधिकृत सर्व्हिस सेंटरचा खर्चाचा अंदाज घ्या.

४. जे घडलं तेच सांगा. बॅग खुर्चीवरून गेली असेल तर ‘कुलूप तोडलं’ सांगू नका. खोटं पकडलं गेलं तर खरा दावाही जातो.

दावा नाकारला तर कारण लेखी मागा आणि आधी कंपनीच्याच तक्रार विभागाकडे अर्ज करा. विमा नियामक ‘इर्डाई’च्या ‘बीमा भरोसा’ पोर्टलवर किंवा १५५२५५ या टोल फ्री नंबरवरही तक्रार नोंदवता येते. कंपनीने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येतं. त्यासाठी फी नाही, वकीलही लागत नाही. मात्र कंपनीच्या नकारानंतर एका वर्षाच्या आत जावं लागतं. जिल्हा ग्राहक आयोगाचा मार्गही खुला असतो.

सही करण्याआधी हे पाच प्रश्न

- माझ्या घराबाहेर, परक्या गावात नुकसान झालं तर चालेल का?
- मंडपातून साधी चोरी झाली तर पैसे मिळतील का, की फक्त घरफोडीला?
- हातातून पडून फुटला तर?
- लग्नाच्या ऑर्डरचा वापर पॉलिसीत लिहिलाय का?
- घसारा किती आणि माझ्या अंगावर किती रक्कम?

एजंट “सगळं कव्हर आहे, दादा” म्हणाला तर एवढंच म्हणायचं, “पॉलिसीत कुठे लिहिलंय ते दाखवा, नाहीतर व्हॉट्सॲपवर लिहून पाठवा.” दाव्याच्या वेळी तोंडी शब्द चालत नाही, कागद चालतो.

आणि आजच, मोबाईल हातात आहे तोवर, प्रत्येक वस्तूच्या सिरीयल नंबरचा आणि बिलाचा फोटो काढून स्वतःच्याच ईमेलवर पाठवून ठेवावा. कॅमेरा गेल्यावर त्याचा नंबर कॅमेऱ्यावरून वाचता येत नाही.