तिसऱ्या दिवसाचा घास

फायटर माशाची अंडी साधारण दीड दिवसात फुटतात. नराने पाण्यावर जमवलेल्या फेसाखाली दोन-तीन मिलिमीटरची पिल्लं शेपटी खाली करून लोंबकळू लागतात. एखादं निसटून तळाकडे चाललं, की नर झेपावतो, त्याला तोंडात धरतो आणि परत फेसात नेऊन ठेवतो. पाहणाऱ्याला वाटतं, आता सगळं सुरळीत होणार. बदलापूरच्या ज्या घरात मी हे पाहिलं, तिथल्या ताईंचं लक्ष मात्र या वेळी टाकीकडे नसतं. त्या मिठाचं पाणी कालवत असतात.

संपादकांनी मला पाठवलं होतं ते घरगुती मत्स्यव्यवसायावर लिहायला. शोभिवंत मासे, बचत गटाच्या बायका, सरकारी योजना असा तो विषय होता. प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजना २०२० मध्ये सुरू झाली. तीत परसातल्या छोट्या युनिटसाठी तीन लाखांचा खर्च धरलेला होता आणि महिलांना त्यावर साठ टक्के अनुदान ठरलेलं होतं. ही माहिती कोणत्याही कार्यालयात मिळते. कुर्ल्याच्या बाजारात आणि क्रॉफर्ड मार्केटमध्ये विकले जाणारे बरेच मासे चेन्नईतल्या कोळत्तूरहून आणि कोलकात्याच्या आसपासच्या गावांतून येतात, हेही व्यापारी सांगतात. पण ताईंच्या पत्र्याच्या शेडमध्ये शिरल्यावर माझी नजर एका उलट्या टांगलेल्या बाटलीवर गेली आणि तिथून हललीच नाही.

थंड पेयाची दोन लिटरची बाटली. बूड कापलेलं, तोंड खाली. लाकडी फळीला गोल भोक पाडून त्यात ती बसवलेली. वरून हवेची बारीक नळी थेट मानेपर्यंत गेलेली, आणि खालून वर असे जाड बुडबुडे उसळत होते, की आतलं विटकरी पाणी क्षणभरही स्वस्थ नव्हतं. शेजारी तशीच दुसरी बाटली. दोन्हींवर पेनाने वेळ लिहिलेली चिकटपट्टी. एकीवर ‘सकाळ ७’, दुसरीवर ‘रात्र ७’.

त्या पाण्यात आर्टेमियाची अंडी होती. आर्टेमिया हा मिठागरांत आणि खाऱ्या सरोवरांत राहणारा, सेंटिमीटरभर लांबीचा कवचधारी जीव. सरोवर आटू लागलं, क्षार वाढले, की मादी जिवंत पिल्लं न सोडता जाड कवचाचे कोष सोडते. त्या कोषात सुमारे चार हजार पेशींचा गर्भ असतो आणि तिथेच त्याची वाढ थांबते. गर्भातलं पाणी जवळजवळ सगळं निघून जातं. ट्रेहॅलोज नावाची साखर पेशींना सांभाळते आणि तो गर्भ वर्षानुवर्षं तसाच राहतो. विकतच्या डब्यातून काढून हातावर घेतला तर बारीक तपकिरी भुकटी, त्यापलीकडे काही वाटत नाही. खाऱ्या, कोमट, हवेशीर पाण्यात टाकला की चोवीस तासांत त्यातून पोहणारं पिल्लू बाहेर येतं.

माशाच्या पिल्लाचं हे अन्न आहे हे शोधलं गेलं १९३०च्या दशकात. सॅन फ्रान्सिस्कोच्या स्टाइनहार्ट मत्स्यालयाचे प्रमुख अ‍ॅल्विन सील यांनी १९३३ मध्ये आणि नॉर्वेत रोलेफ्सन यांनी १९३९ मध्ये ते लिहून ठेवलं. पुढे बेल्जियममधल्या गेंट विद्यापीठात १९७८ साली पॅट्रिक सॉर्गेलोस यांनी या एका जीवासाठी संशोधन केंद्रच उभारलं. इतिहास एवढा पुरे, कारण ताईंचं काम इतिहासावर चालत नाही, घड्याळावर चालतं.

आणि घड्याळं दोन आहेत. पहिलं माशाचं. फुटलेल्या अंड्यातल्या पिल्लाच्या पोटाशी बलकाची पिशवी असते, ती दोन-तीन दिवस पुरते. पिशवी संपली की पिल्लू आडवं होतं, फेस सोडून पोहू लागतं. ताई याला ‘पिल्लं सुटली’ म्हणतात. सुटल्या दिवशी नराला काढून घ्यायचं, कारण आता तोच त्यांना खाऊ शकतो. आणि त्याच दिवशी पिल्लाच्या तोंडासमोर हलणारा घास हवा. पूड टाकली तर ती निपचित पडते आणि हलत नाही त्याकडे पिल्लू बघत नाही. मग ती पूड तळाशी सडते, पाण्यात अमोनिया वाढतो, आणि दुसऱ्या सकाळी टाकी रिकामी. लोक म्हणतात पिल्लं उपाशी मेली. ताईंच्या मते बहुतेक वेळा ती न खाल्लेल्या अन्नामुळे मरतात.

दुसरं घड्याळ आर्टेमियाचं. बाहेर पडलेलं त्याचं पिल्लू अर्ध्या मिलिमीटरहून थोडं कमी भरतं. तेही सुरुवातीला काही खात नाही, स्वतःच्या बलकावर जगतं. सात-आठ तासांत ते पहिल्यांदा कात टाकतं आणि तोवर अंगातला बराचसा ऐवज खर्च झालेला असतो. म्हणजे माशाच्या पिल्लाला ते द्यायचं तर नुकतंच फुटलेलं असताना द्यायचं. उशीर झाला तर घास तेवढाच दिसतो, पण त्यातला कस गेलेला असतो. म्हणून दोन बाटल्या, बारा तासांच्या अंतराने. ‘जोडी लावली त्या दिवसापासून मी मोजते,’ ताई म्हणाल्या. ‘पिल्लं बुधवारी सुटणार असतील तर मंगळवारी सकाळी मीठ पाण्यात पडलंच पाहिजे. मंगळवारी पाहुणे आले तरी.’

एक लिटर पाण्यात पंचवीस ग्रॅमच्या आसपास खडे मीठ, चिमूटभर खाण्याचा सोडा म्हणजे पाणी अल्कधर्मी राहतं, आणि चमच्याच्या टोकावर येतील एवढे कोष. वर दिवा, कारण पहिले काही तास उजेड मिळाला तर कोष नीट जागे होतात. हवेच्या नळीला दगड लावायचा नाही. बारीक बुडबुड्यांनी फेस होतो आणि कोष फेसासोबत वर चढून भिंतीला सुकतात. पंधरा-सोळा तासांनी ताईंनी मला एक थेंब काचपट्टीवर घेऊन भिंगातून दाखवला. कोष तडकले होते आणि प्रत्येक फुटक्या कवचाखाली पातळ पडद्यात गुंडाळलेला गर्भ लटकत होता. तज्ज्ञ या अवस्थेला छत्रीची अवस्था म्हणतात. पडद्याच्या आत तो थरथरत होता. मी बराच वेळ डोळा काढला नाही.

चोवीस तासांनी पाणी केशरी होतं. मग खरी कसरत. हवा बंद करायची, दहा मिनिटं थांबायचं. रिकामी कवचं वर तरंगतात, न फुटलेले कोष तळाला बसतात. आर्टेमिया उजेडाकडे धावतो, म्हणून मानेजवळ टॉर्च धरायचा, की मधला केशरी पट्टा तिथे दाट होतो. बारीक नळीने तेवढाच पट्टा ओढून घ्यायचा. कवच सोबत आलं आणि पिल्लाने गिळलं तर ते पचत नाही, पोटात अडकतं. दहा मिनिटांचीही मर्यादा आहे. हवेविना दाटीत राहिला तर आर्टेमियाच गुदमरतो. ताईंनी पट्टा सुती रुमालात गाळला, गोड्या पाण्याने धुतला आणि ड्रॉपरने टाकीत चार ठिकाणी सोडला. गोड्या पाण्यात तो काही तासच जगतो, त्यामुळे अंदाज चुकला तर पुन्हा सडणं आलंच.

पिल्लं त्यावर तुटून पडली. अंग काचेसारखं पारदर्शक असल्यामुळे खाल्लेलं बाहेरून दिसतं. पाचच मिनिटांत एकेकाच्या पोटात केशरी ठिपका उमटला आणि बघता बघता सगळ्या टाकीत तो दिसू लागला. ताई टॉर्च घेऊन ठिपके तपासत होत्या. ज्यांचं पोट पांढरं राहिलं ती वेगळ्या वाडग्यात घेतली. त्यांच्यासाठी कोबीच्या पानावर वाढवलेलं सूक्ष्मजीवांचं ढगाळ पाणी होतं, कारण त्यांना आर्टेमिया मोठा पडत असावा. ओट्सच्या लगद्यावर वाढवलेल्या मायक्रोवर्मचे डबेही होते. ते कृमी केसाहून बारीक, डब्याच्या भिंतीवर चढतात आणि बोटाने पुसून घेता येतात.

इतर माशांची तऱ्हा वेगळी. एंजल माशाची पिल्लं पानाला चिकटून वळवळतात, गोल्डफिशची टाकीच्या काचेला. डिस्कसचं तर निराळंच. त्याची पिल्लं पहिले काही दिवस आई-बापाच्या अंगावरचा चिकट स्राव खातात, त्याला बाटलीतला पर्याय सहजी साधत नाही. ताई डिस्कसच्या वाटेला जात नाहीत.

फायटरच्या टाकीत वाळलेलं देशी बदामाचं पान असतं, रस्त्याकडेच्या झाडाखालून वेचून धुतलेलं. त्याने पाणी चहाच्या रंगाचं होतं, बुरशी कमी धरते आणि पानावर वाढणारे सूक्ष्मजीव पिल्लं टिपून खातात. गाळणी स्पंजचीच. मोटरची गाळणी लावली तर पिल्लं ओढली जातात. रोज तळातली घाण हवेच्या नळीने खेचायची, तीही पांढऱ्या बादलीत, म्हणजे चुकून आलेलं पिल्लू दिसतं. तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यात फायटरला वरची हवा श्वासात घेणारा अवयव येतो. त्या काळात टाकीवर झाकण हवं, नाहीतर थंड हवेने पिल्लं जातात. डिसेंबरात बदलापूरला मुंबईपेक्षा चांगलीच थंडी पडते, त्या रात्री ताई टाकीवर गोणपाट टाकतात.

हे सगळं हाताने, डोळ्यांनी जमवलेलं कसब आहे आणि मला त्याचं मनापासून कौतुक वाटतं. काळजी वाटते ती बाटलीत टाकायच्या तपकिरी भुकटीची.

जगात विकल्या जाणाऱ्या कोषांचा मोठा वाटा अमेरिकेतल्या युटा राज्यातल्या ग्रेट सॉल्ट लेकमधून येतो. ऑक्टोबर ते जानेवारी हा तिथला हंगाम. विमानातून पाण्यावरचे तपकिरी पट्टे शोधतात आणि बोटींनी तरंगते बांध घालून ते गोळा करतात. पुढल्या वसंतात नवी पिढी यावी म्हणून लिटरमागे किमान एकवीस कोष शिल्लक राहतील असा तिथला नियम आहे. लाखो पाणपक्षीही त्याच आर्टेमियावर जगतात. पण सरोवराला मिळणाऱ्या नद्यांचं पाणी शेतीला आणि शहरांना वळलं, दुष्काळ पडले आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये पाण्याची पातळी नोंदी ठेवल्या जाऊ लागल्यापासून सर्वांत खाली गेली. क्षाराचं प्रमाण एकोणीस टक्क्यांपर्यंत चढलं. त्या वर्षी आर्टेमियाच राहील का, हा प्रश्न होता. पुढच्या हिवाळ्यातल्या बर्फाने सरोवर सावरलं, पण संकट टळलेलं नाही.

शिवाय या कोषांचे खरे मोठे गिऱ्हाईक कोळंबीच्या हॅचरी. आंध्र आणि तमिळनाडूच्या किनाऱ्यावर व्हॅनामेई कोळंबीचं बीज तयार होतं, तेही याच घासावर. डबे त्यांच्या मापाचे, भाव त्यांच्या मागणीने ठरलेला. बदलापूरची एक बाई त्या बाजारात कुठेच मोजली जात नाही. आणि आपल्या दमट हवेत उघडलेल्या डब्यातले कोष ओल धरतात, मग फुटण्याचं प्रमाण घसरत जातं.

आपल्याकडे आर्टेमिया नाही असं नाही. मुंबईत वडाळ्याच्या मिठागरांत तो सापडल्याची नोंद १९५० च्या दशकातली आहे. राजस्थानातल्या सांभर सरोवरात आणि तुतिकोरीनच्या आगरांतही तो मिळतो. आपला मूळचा आर्टेमिया फक्त माद्यांचा, नराविना वाढणारा. आता काही ठिकाणी बाहेरून आलेल्या अमेरिकन जातीने त्याला हुसकावलं आहे. व्हिएतनामने १९८०च्या दशकात मेकाँगच्या मुखाजवळ व्हिन चाऊच्या मिठागरांत तीच अमेरिकन जात सोडली आणि तिथले मीठ पिकवणारे शेतकरी उन्हाळ्यात मिठासोबत कोषही काढू लागले. तिथल्या कोषांचा दाणा बारीक, म्हणून छोट्या पिल्लांसाठी त्याला मागणी आहे. आपल्या मिठागरांवर मात्र घरं बांधायच्या बातम्या येतात. कांजूरमार्ग, भांडुप, मुलुंडची मिठागरं धारावीच्या पुनर्विकासाशी जोडली गेली आहेत. पालघर-रायगडच्या आगरांत, जिथे अजून मीठ पिकतं, कोषांचा साधा प्रयोग तरी व्हायला हवा. वर्सोव्याला १९६१ पासून केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था आहे, म्हणजे जाणकार माणसं लांब नाहीत.

ताईंना वाट बघून चालत नाही. त्यांनी आणि आसपासच्या पाच घरांनी मिळून एक पद्धत बसवली आहे. डबा एकच घ्यायचा. तो उघडला त्याच दिवशी कोष औषधाच्या कोरड्या बाटल्यांत भरून, तांदळाची पुरचुंडी घालून, सहा फ्रीझरमध्ये वाटायचे. कोणाची जोडी कधी लागली ते फोनवर कळवायचं, म्हणजे एका घरच्या बाटलीतलं जास्तीचं केशरी पाणी दुसऱ्या घरी जातं. गेल्या पावसात रात्रभर वीज नव्हती. हवेचा पंप बंद, दोन्ही बाटल्या गेल्या आणि शेडमध्ये त्याच दिवशी सुटलेली पिल्लं होती. दोन गल्ल्या पलीकडच्या घरी बॅटरीवर चालणारा पंप आहे. तिथली मुलगी सकाळी सहाला स्टीलच्या डब्यात आर्टेमिया घेऊन आली, वाटेत पाणी हलतं राहावं म्हणून डबा हातात झुलवत. ती पिल्लं विकून ताईंनी आता स्वतःसाठी तसाच पंप घेतला आहे. पुढचा डबा मात्र वाढलेल्या भावाने घ्यावा लागणार, आणि सहा घरांपैकी दोघींनी या वेळी वर्गणी जमेल का ते अजून सांगितलेलं नाही.