सिलिंडर हेडमध्ये नवे व्हॉल्व्ह गाइड बसविणे

एंजिनाच्या सिलिंडर हेडमध्ये व्हॉल्व्हचा दांडा ज्या नळीतून वरखाली सरकतो, तिला कारागीर ‘गाइड’ म्हणतात. व्हॉल्व्ह त्याच्या अक्षावर ठेवणे आणि दांड्यातील काही उष्णता हेडकडे पोचविणे, ही गाइडची दोन कार्ये होत.

गाइडची लांबी ५० मि.मी. आणि दांड्याभोवतीची एकूण फट ०.०५ मि.मी. आहे असे मानू. गाइडच्या खालच्या तोंडापासून ४० मि.मी. अंतरावर असलेला व्हॉल्व्हचा माथा या फटीमुळे मध्यापासून फार तर ०.०६५ मि.मी. ढळेल. झिजेने फट ०.१५ मि.मी. झाली, तर तोच माथा जवळजवळ ०.२ मि.मी. ढळतो व सीटवर एका बाजूनेच टेकतो. एक्झॉस्ट व्हॉल्व्हची बहुतेक उष्णता सीटच्या वाटेनेच बाहेर पडत असल्याने, असा व्हॉल्व्ह काठावर जळू लागतो. इनलेट बाजूस तीच फट वंगणतेल आत ओढून घेते आणि एंजिन निळसर धूर सोडते.

मराठवाड्यात विहिरीवरील डिझेल एंजिनांची व ट्रॅक्टरांची हेडे बहुधा बिडाची असतात. छत्रपती संभाजीनगर (औरंगाबाद) शहरानजीक वाळूज येथे बजाज ऑटोचा कारखाना १९८५ साली सुरू झाला, त्या वेळी देशातील स्कूटर व रिक्षा बहुतांशी टू-स्ट्रोक होत्या. त्यांच्या एंजिनांत असे व्हॉल्व्हच नव्हते. पुढे फोर-स्ट्रोक एंजिने रूढ झाली आणि त्यांच्याबरोबर अॅल्युमिनियमची हेडेही दुरुस्तीस येऊ लागली. बिडाचे माप या हेडांना जसेच्या तसे लावता येत नाही.

गाइड जागेवर घट्ट राहावे म्हणून त्याचा बाहेरील व्यास भोकापेक्षा किंचित मोठा ठेवतात. भोक १४ मि.मी. व हा फरक ०.०२ मि.मी. असल्यास बिडाच्या हेडात बिडाचे गाइड टिकते, कारण दोहोंचे प्रसरण सारखेच असते. अॅल्युमिनियम मात्र बिडाच्या सुमारे दुप्पट प्रसरण पावते. तापमान १०० अंशांनी वाढताच भोक गाइडपेक्षा ०.०१७ मि.मी. अधिक मोठे होते व घट्टपणा जवळपास नाहीसा होतो. गाइड स्वतः हेडपेक्षा अधिक तापत असल्याने यातील काही भाग भरून निघतो. तथापि त्यावर विसंबणे योग्य नव्हे. कासाचे गाइड वापरल्यास ही घट सुमारे ०.००७ मि.मी. एवढीच होते. म्हणून अॅल्युमिनियमच्या हेडात थंड स्थितीतील फरक अधिक, उदाहरणार्थ ०.०४ मि.मी., ठेवावा लागतो. हेड भट्टीत १२० अंशांनी तापविले असता भोक ०.०३९ मि.मी. वाढते आणि असे गाइड अल्प दाबाने आत जाते. ते थंड हेडात ठोकल्यास भोक खरवडले जाण्याची भीती असते.

जुने गाइड काढण्यापूर्वी त्याची बाहेर राहिलेली उंची मोजून ठेवावी. त्याच्या टोकावरील काजळीही खरवडून काढावी. अन्यथा ती भोकातून जाताना ओरखडे पाडते. भोक तसे बिघडलेच, तर ते रीमरने मोठे करून ओव्हरसाइज गाइड घालावे लागते.

गाइड बसल्यावर दाबाने त्याचे आतील छिद्र आवळते. ते रीमरने निर्मात्याने दिलेल्या मापास आणावे लागते. एवढ्याने काम पुरे होत नाही. जुनी सीट झिजलेल्या गाइडमध्ये डुलणाऱ्या व्हॉल्व्हने घडविलेली असते, आणि नव्या गाइडचा अक्ष तिच्या मध्याशी जुळेलच असे नाही. म्हणून सीट कापणाऱ्या कटरची मार्गदर्शक दांडी नव्या गाइडमध्येच घालून सीट पुन्हा कापावी, व्हॉल्व्ह हलकासा घासून बसवावा आणि पोर्टमध्ये रॉकेल ओतून गळती पाहावी. सीटचा मध्य गाइडवरूनच ठरत असल्यामुळे हा क्रम उलटविता येत नाही. गाइड बदलून सीट तशीच ठेवली, तर धूर कमी होईल. परंतु नव्या गाइडमधील व्हॉल्व्हही जुन्या व्हॉल्व्हप्रमाणेच जळेल आणि दुरुस्तीचा खर्च दुसऱ्यांदा करावा लागेल.